डिजिटल पियानोचे घरच्या घरी ध्वनिमुद्रण : पाच हजारांत नेमके काय घ्यावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गेली चार वर्षे यामाहाचा पी-४५ हा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. मुलगी त्यावर परीक्षेच्या रचना वाजवते, आणि ती झोपली की कानाला हेडफोन लावून मी जुन्या भावगीतांच्या चाली बसवत बसते. या दोन्हींचे बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण घरीच व्हावे, एवढीच इच्छा आहे. स्टुडिओसारखे काही नको. पण ऐकणाऱ्याला हा पियानो आहे हे सांगावे लागू नये.

आतापर्यंत दोन प्रयोग फसले आहेत. पहिल्यांदा मोबाइल समोरच्या स्टुलावर ठेवून मुद्रण केले, तेव्हा सुरांपेक्षा पट्ट्या खाली आपटल्याची ठकठक जास्त आली, वर पंखा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. दुसऱ्यांदा पियानोच्या हेडफोनच्या भोकातून एक केबल लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. आवाज फाटला आणि तोही मोनो आला. लॅपटॉप सात वर्षांचा, ४ जीबी मेमरीचा आणि विंडोज १० चा आहे.

दुकानदाराने स्टँडसकट कंडेन्सर माइक सुचवला आहे. माझी मर्यादा ५,००० रुपये. माइक घ्यावा का? आणि पियानोच्या मागे जे चौकोनी यूएसबीचे भोक आहे, ते मी आजवर कधी वापरलेले नाही, त्याचा यात काही उपयोग होतो का?

पासोड्या (पुणे)

माइक घेऊ नये. माइक हवेतला आवाज टिपतो, आणि आपल्या पियानोचा आवाज हवेत येण्यापूर्वी विजेच्या रूपात तयारच असतो. तो आधी ६ वॉटच्या दोन छोट्या स्पीकरांतून बाहेर काढायचा, खोलीत फिरवायचा, कुकरच्या शिट्टीत मिसळायचा आणि मग पैसे खर्चून पुन्हा विजेत बदलायचा, हा द्राविडी प्राणायाम आहे. आपल्याला गाणेही मुद्रित करायचे असते तर माझे उत्तर वेगळे असते.

आपला दुसरा प्रयोग दिशेने बरोबर होता, फक्त भोक चुकले. लॅपटॉपचे माइकचे भोक अगदी क्षीण संकेतासाठी बनवलेले असते, आणि हेडफोनचा संकेत त्याच्या कितीतरी पट जोरकस असतो. म्हणून आवाज फाटतो. शिवाय ते भोक बहुधा मोनो असते, त्यामुळे पियानोची एक बाजू जागच्या जागी गळून पडते. आपल्याला हवे आहे ते दोन लाइन इनपुट (म्हणजे असा जोरकस संकेत घेणारी भोके) असलेले बाहेरचे साउंड कार्ड, त्यालाच इंटरफेसही म्हणतात. यातले सर्वांत साधे आणि आपल्या रकमेत बसावे असे म्हणजे बेहरिंगरचे यूसीए२२२. त्याला लाल-पांढऱ्या आरसीए पिना लागतात, ते १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत मुद्रण करते, आणि पियानोसाठी एवढे पुष्कळ झाले. केबल मागताना एका टोकाला मोठी स्टिरिओ पिन, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची, आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए, अशी स्पष्ट मागावी.

खरेदीच्या वेळी एक फसगत टाळावी. 'दोन इनपुट' असे खोक्यावर छापलेले स्वस्त इंटरफेस बरेच आहेत, पण त्यांतल्या कित्येकांत एक इनपुट माइकचा आणि दुसरा गिटारचा असतो. पियानोच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकसारखे दोन लाइन इनपुट मिळाले नाहीत, तर एक बाजू जाड आणि दुसरी मरतुकडी येते.

विंडोजमध्ये अशी उपकरणे पुष्कळदा 'मायक्रोफोन' या नावाने दिसतात आणि मूळ सेटिंग एकाच चॅनलचे असते. साउंडच्या रेकॉर्डिंग भागात त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, ॲडव्हान्स्डमध्ये २ चॅनल निवडावेत आणि 'एन्हान्समेंट' नावाची जी काही खूण असेल ती काढून टाकावी. माझ्या पाहण्यात कित्येकांनी हे न केल्यामुळे चांगली उपकरणे परत केली आहेत. मुद्रणासाठी ऑडॅसिटी पुरते, ते मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही निमूट चालते.

पियानोचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून रचनेतला सर्वांत दणकट भाग आधी वाजवून पाहावा, आणि ऑडॅसिटीच्या मीटरचे शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे जुळवावे. यूसीए२२२ ला इनपुटची पातळी बदलण्याचे बटण नाही, त्यामुळे हे काम पियानोच्या व्हॉल्यूमनेच करावे लागेल. थोडे हळू मुद्रित झाले तर नंतर वाढवता येते; फाटलेला आवाज मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही.

तीव्र_मध्यम (डोंबिवली)

ताई, पासोड्याकाकांचा सल्ला चुकीचा नाही, पण मागच्या चौकोनी भोकाचा प्रश्न त्यांनी वाऱ्यावर सोडला, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. त्या भोकाला लागणारी केबल म्हणजे आपली प्रिंटरची केबल. बहुतेक घरांत एखादी पडलेली असतेच. यामाहाच्या संकेतस्थळावरून यूएसबी-मिडी ड्रायव्हर मोफत उतरवून घेतला की लॅपटॉप पियानोला ओळखतो.

मात्र पी-४५ च्या या भोकातून आवाज येत नाही, मिडी येते. (त्याच घराण्यातल्या पी-१२५ मध्ये यूएसबीतून थेट आवाजही मिळतो, पी-४५ मध्ये ती सोय नाही.) मिडी हे १९८३ साली ठरलेले मानक आहे आणि त्यात सूर नसतात, सुरांची नोंद असते: कोणती पट्टी, कोणत्या क्षणी, १ ते १२७ पैकी किती जोराने दाबली, कधी सोडली आणि पेडल केव्हा खाली होते. आपल्याकडच्या स्वरलिपीत मात्रा कळतात, पण हाताचा जोर कळत नाही; मिडीत तोही कळतो. त्यामुळे चार मिनिटांच्या रचनेत एकच कोमल गांधार चुकून शुद्ध लागला असेल, तर अख्खी रचना पुन्हा वाजवावी लागत नाही. तो एक ठिपका माउसने खाली ओढला की काम झाले.

पुढे हीच नोंद मोफत मिळणाऱ्या दुसऱ्या पियानोच्या आवाजात ऐकता येते. 'सॅलामँडर ग्रँड पियानो' हा यामाहाच्या सी५ या ग्रँड पियानोचे सूर १६ वेगवेगळ्या जोरांवर टिपून तयार केलेला संच मोफत आहे आणि स्फॉर्झांडो या मोफत प्लेअरमध्ये तो उघडतो. खर्च शून्य रुपये. फक्त ऑडॅसिटीत मिडीचे मुद्रण होत नाही, त्यासाठी रीपरसारखे सॉफ्टवेअर घ्यावे; ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते.

पासोड्या (पुणे)

तीव्र_मध्यम यांचा उत्साह मला मान्य आहे आणि भोकाचे उत्तर माझ्याकडून राहिले हेही मान्य. पण ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर असा मोठा संच चढवून, त्याचाच आवाज कानात घेत वाजवायला सांगणे म्हणजे बैलगाडीला ट्रॉली जोडणे होय. अडचण दर्जाची नसून उशिराची आहे. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर (लॅपटॉप आवाज पुढे सोडण्यापूर्वी साठवतो तो तुकडा) ठेवला, तर निव्वळ त्या बफरमुळे सुमारे १२ मिलिसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे पियानो आपल्यापासून चार मीटर दूर ठेवून वाजवल्यासारखे होते. आणि विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर प्रत्यक्षातला उशीर याहून पुष्कळ अधिक निघतो. द्रुत लयीत बोटे अडखळू लागतात आणि वाजवणाऱ्याला वाटते की आज आपलाच हात चालत नाही.

मिडीच घ्यायची असेल तर वाजवताना हेडफोन पियानोलाच लावावेत, लॅपटॉपने फक्त नोंद घ्यावी. नोंदीचा भार काहीच नसतो. दुसरा आवाज चढवायचा तो नंतर, सवडीने.

गोदाकाठ (नाशिक)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मध्यंतरी एक सुखद गोष्ट घडली. भाच्याकडे दोन इनपुटांचा एक चांगला इंटरफेस वापराविना पडून होता, तो त्याने मला दिला, त्यामुळे साउंड कार्डाची खरेदी वाचली. दोन्ही इनपुट एकसारखे आहेत आणि प्रत्येकाला 'लाइन' व 'इन्स्ट' असे बटण आहे. मी 'लाइन' ठेवले आहे. दोन्ही टोकांना मोठी पिन असलेली एक केबल आणली, तिचे एक टोक पियानोच्या हेडफोनमध्ये आणि दुसरे इंटरफेसच्या पहिल्या इनपुटमध्ये घातले.

आवाज आला, फाटलाही नाही, पण तो विचित्र आहे. कसे सांगावे? पियानो विहिरीत उतरवून वाजवल्यासारखा वाटतो. घुमणे भरपूर ऐकू येते, पण मुख्य सूरच मागे गेले आहेत. मधल्या सप्तकातले काही सूर तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. तोच पियानो हेडफोनवर ठणठणीत ऐकू येतो. इंटरफेस बिघडलेला असावा का? भाच्याला हे कसे विचारू, ते कळत नाही.

पर्वरीकर (गोवा)

भाच्याला काहीही विचारू नका, इंटरफेस ठणठणीत आहे. दोष केबलच्या पिनेत आहे, आणि ही चूक मी स्वतः एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये शंभर माणसांसमोर केलेली असल्यामुळे तुमचे 'विहिरीत उतरवून' हे वर्णन वाचताच ओळखली.

ती केबल हातात घ्या आणि पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. एक रेघ असेल तर पिन मोनो, दोन असतील तर तीन भागांची. तुमच्या केबलला दोन्ही टोकांना दोन-दोन रेघा असणार. हेडफोनच्या बाजूला या तीन भागांची वाटणी टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा आणि मुळाशी अर्थ (अर्थिंगची तार) अशी असते. इंटरफेसचा इनपुट मात्र बॅलन्स्ड आहे. त्याच्या लेखी टोक आणि कडे मिळून एकच आवाज, एकदा सुलटा आणि एकदा उलटा; लांब केबलमध्ये शिरलेली खरखर दोन्हींत सारखीच असते, म्हणून तो टोकातून कडे वजा करतो आणि खरखर नाहीशी होते. या युक्तीत वाईट काही नाही. पण तुम्ही तिथे डावा आणि उजवा आवाज दिलात, आणि त्याने प्रामाणिकपणे डाव्यातून उजवा वजा केला! दोन्ही बाजूंना जे समान होते, म्हणजे पियानोचा गाभा, तेच शून्य झाले, आणि जे दोन बाजूंना वेगवेगळे होते, म्हणजे मुख्यतः घुमणे, तेवढे उरले.

उपाय साधा आहे. एका टोकाला दोन रेघांची मोठी पिन आणि दुसऱ्या टोकाला एकेका रेघेच्या दोन मोठ्या पिना, अशी वाय केबल घ्या. डावी पिन पहिल्या इनपुटमध्ये, उजवी दुसऱ्या इनपुटमध्ये, दोन्ही गेन (इनपुटची पातळी ठरवणारी बटणे) सारखे आणि सुरुवातीला अगदी कमी. सॉफ्टवेअरमध्ये एकच स्टिरिओ ट्रॅक घ्या. मंद्र सूर डाव्या कानाकडे आणि तार सूर उजव्या कानाकडे झुकलेले ऐकू आले की जोडणी बरोबर झाली असे समजा. एक रेघेची मोनो पिन मात्र पियानोच्या हेडफोनमध्ये कधीही घालू नका, तिच्यामुळे उजवी बाजू थेट अर्थला चिकटते आणि आतल्या ॲम्प्लिफायरवर विनाकारण ताण येतो.

आणि पी-४५ ला हेडफोनचे भोक एकच आहे, ते आता केबलने अडवले. त्यामुळे तुमचे हेडफोन इंटरफेसला लावा आणि त्यावर 'डायरेक्ट मॉनिटर' असेल तर ते सुरू ठेवा, म्हणजे आवाज लॅपटॉपची फेरी न मारता थेट कानात येईल आणि पासोड्या म्हणतात तो उशीर राहणार नाही. आमच्याकडच्या दमट हवेत पिना काळ्या पडून खरखर सुरू होते. नाशिकला तो त्रास कमी, तरी पावसाळ्यात कोरड्या कापडाने एकदा पुसून घ्या.

गोदाकाठ (नाशिक)

रेघा मोजल्या. दोन्ही टोकांना दोन-दोनच निघाल्या. वाय केबल ३५० रुपयांना मिळाली आणि पियानो विहिरीतून वर आला. मुलीने पहिल्याच दमात तिची रचना मुद्रित केली.

त्यानंतर लोभ सुटला आणि मिडीची नोंदही सोबत घ्यावी म्हणून प्रिंटरची केबल जोडली. तेव्हापासून मुद्रणात एक बारीक चिरका आवाज येतो, डासासारखा, आणि माउस हलवला की त्याचा सूर बदलतो. शिवाय खाली एक सततची गुणगुण आहे. प्रिंटरची केबल काढली की दोन्ही जवळपास जातात.

पासोड्या (पुणे)

निदान आपणच केले आहे. पियानो आणि लॅपटॉप आता दोन वाटांनी जोडले गेले आहेत, एक वाट इंटरफेसमधून आणि दुसरी प्रिंटरच्या केबलमधून, आणि त्या दोन वाटांच्या अर्थच्या तारांचे एक पूर्ण वर्तुळ तयार झाले आहे. लॅपटॉपच्या आतली विजेची कुरकुर त्या वर्तुळातून फिरते आणि मुद्रणात उतरते. सततची गुणगुण म्हणजे घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. सात वर्षांची बॅटरी तेवढा वेळ टिकत नसेल तर आवाज आणि मिडी एकाच वेळी घेण्याचा आग्रह सोडावा. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबीही मिळते, पण तिच्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्वस्त डबीतला ट्रान्सफॉर्मर खर्जाचे सूर खातो. पियानोला ते परवडत नाही. चार्जरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाका असे कोणी सांगितले तर तो सल्ला मुळीच ऐकू नये. गुणगुण जाईलही, पण ती पिन माणसाच्या जिवासाठी असते.

तीव्र_मध्यम (डोंबिवली)

ताई, दोन्ही एकाच वेळी घेण्याची गरजच नाही. आधी इंटरफेसची केबल काढून ठेवा, हेडफोन पियानोला लावा आणि फक्त मिडी नोंदवा. चुकलेले सूर दुरुस्त करा. मग रीपरमध्ये त्या ट्रॅकचे मिडी आउटपुट म्हणून पियानोच निवडा आणि प्ले दाबा. पट्ट्या हलणार नाहीत, पण पियानो तुमचीच रचना, तुमच्याच जोराने, स्वतःच्या आवाजात वाजवू लागेल. त्या वेळी त्याच्या हेडफोनमधून येणारा आवाज इंटरफेसने मुद्रित करायचा. कानाला लावायला नको, वाजवायला नको, त्यामुळे ही चार मिनिटे लॅपटॉप बॅटरीवर ठेवायला हरकत नाही. तेवढी बॅटरी तर उरली असेल! पुन्हा मुद्रित करताना पियानोचा रिव्हर्ब बंद ठेवून एक प्रत घ्या; घुमणे नंतर हवे तेवढे घालता येते, एकदा मुरलेले काढता येत नाही.

मुलीच्या परीक्षेसाठी मात्र ही युक्ती वापरू नका. तिथे तिने जसे वाजवले तसेच गेले पाहिजे.

गोदाकाठ (नाशिक)

बॅटरी ११ मिनिटे टिकते असे आज कळले. काम झाले. डासही गेला.

एक शेवटचा प्रश्न. मुलीच्या वादनाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन त्याला हा आवाज जोडायचा आहे. पण हेडफोनच्या भोकात केबल असली की पियानोचे स्पीकर बंद होतात, त्यामुळे मोबाइलच्या मुद्रणात सूर येतच नाहीत, नुसती ठकठक येते. मग दोन्ही जुळवायचे कशाच्या आधारे?

पर्वरीकर (गोवा)

त्या ठकठकीच्याच आधारे. मुलीला रचना सुरू करण्यापूर्वी एकच पट्टी जोरात दाबायला सांगा आणि तीन-चार सेकंद थांबायला सांगा. मोबाइलच्या आवाजाच्या आलेखात त्या जागी एक टोकदार सुळका दिसेल आणि पियानोच्या आलेखात त्याच जागी सूर उगवलेला दिसेल. दोन्ही एकाखाली एक आणा, मग मोबाइलचा आवाज पूर्ण बंद करा आणि सुरुवातीची ती पट्टी कापून टाका. रचना संपल्यावरही अशीच एक पट्टी दाबून घ्या, म्हणजे शेवटपर्यंत जुळले आहे का हे तपासता येते. मोबाइल आणि इंटरफेस यांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात आणि लांबलचक रचनेत किंचित फरक पडू शकतो. मुद्रण ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, कारण व्हिडिओत बहुधा तेच असते.

नातेवाइकांना नुसता आवाज पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे साडेअकरा एमबी होते, तेव्हा मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेवा आणि पाठवण्यासाठी ३२० केबीपीएसची एमपी३ काढा. परीक्षेचा व्हिडिओ असेल तर असा बाहेरून आवाज जोडलेला चालतो की नाही, ते त्या मंडळाच्या नियमांत आधी वाचून घ्या. चालत नसेल तर केबल काढा, पियानोचे स्पीकर सुरू करा, पंखा बंद करा, मोबाइल पट्ट्यांपासून दीड-दोन मीटर दूर आणि पियानोपेक्षा थोडा उंच ठेवा, आणि शेजारचा कुकर केव्हा लागतो ते विचारून वेळ ठरवा.